डोळ्यांना सेलोटेप लावला की उपहास होतो का? आशियाई चेहऱ्यांवरचा विनोद आणि वंशद्वेष

रंकाळवेस
गेल्या आठवड्यात कोल्हापुरातल्याच एका कॉलेजच्या गॅदरिंगला गेले होते. एका प्रहसनात चायनीजच्या गाड्यावरचा आचारी होता. कपाळाला पट्टी, डोळ्यांच्या कडा सेलोटेपनं मागं ओढलेल्या आणि तोंडात फक्त 'चिंग चांग चू'. गिऱ्हाईक काहीतरी विचारणार, हा तो आवाज काढणार, हॉल हसणार. कथेत त्याला दुसरं काही कामच नव्हतं. हे वंशद्वेषी आहे, असं मी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, "सटायर आहे ते, एवढं काय मनावर घेतेस?"

मला हे पटत नाही. उपहास कुणावर तरी रोखलेला असतो. आपल्या तमाशातला सोंगाड्या राजाची, कोतवालाची, पाटलाची फिरकी घेतो आणि कुणाची पगडी उडाली ते शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं. या प्रहसनात कुणाची उडाली? चीनच्या सरकारची नाही. कोबीचे गोळे लाल सॉसमध्ये घोळवून त्याला बिनदिक्कत चायनीज म्हणणाऱ्या आपली तर नाहीच. तसं असतं तर मीही पोट धरून हसले असते. उडवला गेला तो एक चेहरा. तसा चेहरा असलेला गाड्यावरचा पोरगा बहुधा नेपाळचा, दार्जिलिंगचा नाहीतर आसाम-मणिपूरकडचा असतो. त्याचा चीनशी संबंध काय?

आणि ही करामत आपली नाहीच, ती उसनी आहे. अमेरिकेत सोन्याच्या खाणींवर आणि रेल्वेच्या कामावर चिनी मजूर आले, तेव्हापासून तिथल्या रंगमंचावर आणि व्यंगचित्रांत वेणी, तिरके डोळे, मोडकी बोली हे सोंग चाललेलं आहे. १८८२ साली तिथल्या सरकारनं चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी केली. तो कायदा १९४३ पर्यंत टिकला. थट्टेनं कायदा आणला असं मी म्हणत नाही. पण ज्यांना हाकलायचं होतं, त्यांना आधी माणसातून उठवायचं काम त्या सोंगांनी केलं, असं माझं ठाम मत आहे.

तुम्हाला काय वाटतं?

पेठेतला_नाट्यवेडा
ताई, पूर्ण असहमत.

मी वर्षानुवर्षं हौशी नाटकं करतोय, राज्य नाट्य स्पर्धेत उतरतोय. प्रहसन साच्यांवर चालतं. पुणेरी माणूस खवट, मालवणी वाद घालणारा, नागपूरकर निवांत आणि आपण कोल्हापूरकर म्हणजे मिशीला पीळ, तोंडात शिवी आणि वाटीत तांबडा रस्सा. टीव्हीवरच्या प्रत्येक कोल्हापुरी पात्राला 'नाद खुळा' म्हणायला लावतात. आपण कधी मोर्चा काढलाय? उलट शिट्ट्या मारतो. पंधरा मिनिटांच्या प्रहसनात पात्राचा स्वभाव उलगडायला वेळ कुठं असतो? साचा काढलात तर प्रहसनच उरणार नाही.

दुसरं, उपहास न कळता आरडाओरडा केला की काय होतं ते २०१४ मध्ये दिसलं. वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाचं नाव म्हणजे अमेरिकेतल्या मूलनिवासींसाठीची जुनी शिवी. नाव न बदलता संघाच्या मालकानं मूलनिवासींच्या भल्यासाठी एक संस्था काढली. स्टीफन कोल्बेअर या अमेरिकन टीव्हीवरच्या विनोदवीरानं त्या ढोंगाची खिल्ली उडवायला आपल्या कार्यक्रमात तशीच एक खोटी संस्था जाहीर केली, आशियाई लोकांना हिणवणाऱ्या नावाची. त्यातलं एकच वाक्य कार्यक्रमाच्या ट्विटर खात्यावर सुटं पडलं आणि कोल्बेअरला हटवा म्हणून मोहीम सुरू झाली. ज्याच्यावर बाण होता तो मालक बाजूला राहिला, चर्चा कोल्बेअरचीच झाली. संघाचं नाव २०२० मध्ये बदललं, पण तेव्हाचे ते आठवडे वाया गेले. चिडणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं.

दूरदेशी_करवीरकर
नाट्यवेडा दादा, टीव्हीवरचा कोल्हापूरकर लिहिणारा मराठी, करणारा मराठी, बघणारा मराठी. पुढच्या मालिकेत कोल्हापूरचाच डॉक्टर असतो, कलेक्टर असतो. त्या साच्यामुळं आपल्याला कुणी घर नाकारत नाही.

मी न्यू जर्सीत राहतो. इथं 'द सिम्प्सन्स' नावाच्या कार्टून मालिकेत १९९० पासून अपू नावाचा भारतीय दुकानदार होता. कित्येक वर्षं अमेरिकन घरांत दिसणारा भारतीय म्हणजे जवळजवळ तो एकटाच. त्याला आवाज गोऱ्या नटाचा, हँक अझारियाचा. माझ्या मुलाला शाळेत त्याच्या हेलात "थँक यू, कम अगेन" ऐकवायचे. मुलगा इथंच जन्मलेला, त्याचे उच्चार त्यांच्यासारखेच, तरी. हरी कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या विनोदवीरानं २०१७ मध्ये याच प्रश्नावर माहितीपट केला. त्यावर आधी बरीच टिंगल झाली. पण अझारियानं २०२० मध्ये तो आवाज देणं थांबवलं आणि २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली. ज्यानं तो विनोद तीस वर्षं पोटापाण्यासाठी केला, त्यालाच तो पुढं करवेना.

पेठेतला_नाट्यवेडा
अपूचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तो पीएच.डी. झालेला, कष्टाळू, संसारी माणूस. त्याच मालिकेत घरचा कर्ता गोरा अमेरिकन आळशी, खादाड आणि बुद्धीनं मंद दाखवलाय. सगळ्यांचीच टर उडवायची, तर एकालाच वगळून कसं चालेल? पोरं चिडवतात हे वाईटच, पण पोरं चष्म्यावरूनही चिडवतात.

दूरदेशी_करवीरकर
गोऱ्या मुलाला टीव्हीवर एक मंद गोरा दिसतो आणि शंभर शहाणे दिसतात. आमच्या मुलाला तो एकच दिसायचा.

उद्यमनगर
मला अमेरिकेतलं काय कळत न्हाई. आमच्या वर्कशॉपवरचं सांगतो.

आमच्याकडं सीएनसी मशीनवर मणिपूरचा एक पोरगा हुता. हात लई साफ, रिजेक्शन जवळपास न्हाईच. २०२० च्या मार्चमधी पोरं त्येला 'कोरोना आला रे' म्हणायला लागली. चेष्टाच हुती, तो पण हसायचा. चार दिसांनी कोपऱ्यावरच्या टपरीवाल्यानं त्येला काचंचा ग्लास द्यायचं बंद केलं, कागदी कपात चा द्यायला लागला. बाकी आम्हा सगळ्यास्नी काचंचाच ग्लास. मग घरमालक म्हणाला खोली सोड. पोरगा गावाकडं गेला तो परत आलाच न्हाई.

आता नाट्यवेडा भाऊ, टपरीवाल्यानं चेष्टा केलीच नव्हती. त्यानं नुसती ऐकली हुती.

निवृत्त_मास्तर
उद्यमनगर यांचा प्रतिसाद वाचून वाईट वाटले. दलित समाजातील गंगाराम कांबळे यांनी याच शहरात चहाचे हॉटेल काढले, तेव्हा लोकांनी तेथे चहा प्यावा म्हणून शाहू महाराज स्वतः जाऊन प्याले. त्या कोल्हापुरात चहासाठी पुन्हा वेगळे भांडे यावे?

त्या मार्चमध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाला सर्व राज्यांना पत्र पाठवून ईशान्येकडील नागरिकांचा छळ थांबवा असे कळवावे लागले होते. म्हणजे हे एका टपरीपुरते नव्हते. त्याआधी जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात निडो तानियाम हा अरुणाचलचा विद्यार्थी मारहाणीनंतर मरण पावला. सुरुवात झाली ती त्याच्या केसांवरून, दिसण्यावरून केलेल्या टिंगलीने. त्यानंतर ईशान्येकडील लोकांच्या अडचणी पाहण्यासाठी केंद्राने बेझबरुआ समिती नेमली.

पेठेतला_नाट्यवेडा
मास्तर, त्या मुलाचा खून झाला. तो गुन्हा आहे आणि त्याबद्दल माझं दुमत असायचं कारण नाही. पण खुनापर्यंतची रेघ गॅदरिंगच्या प्रहसनापासून ओढायची, हे मला अन्यायाचं वाटतं. टपरीवाल्याला भीती रोगाची होती. तेव्हा तो मुंबईहून आलेल्या स्वतःच्या भावालाही गावात घेत नव्हता. आपण सगळे तसेच वागलो.

उद्यमनगर
मुंबईवाल्याला चौदा दिसांनी घेतलं की घरात.

चित्रपटवेडा_जुना
'द पार्टी' हा १९६८ चा सिनेमा आमच्या वडिलांच्या पिढीनं डोक्यावर घेतला. पीटर सेलर्स, गोरा ब्रिटिश नट, चेहरा काळवंडून भारतीय बक्षी झालाय. मीही हसलोय. आणि त्यात खरं हसू हॉलिवूडच्या बड्या लोकांवर आहे, बक्षी सगळ्यांत सज्जन आहे, असं मी अजूनही मानतो. म्हणजे सोंग आलं की लगेच द्वेष, असं सरसकट नको.

पण त्याच दिग्दर्शकाचा, ब्लेक एडवर्ड्सचा, १९६१ चा 'ब्रेकफास्ट ॲट टिफनीज' बघा. त्यात मिकी रूनी पुढं आलेले दात लावून जपानी शेजारी झालाय. धडपडतो, किंचाळतो, संपलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं होतं आणि त्याला तेव्हा वीस वर्षंही झाली नव्हती. एकच दिग्दर्शक, दोन सोंगं. एकात माणूस आहे, दुसऱ्यात नुसते दात.

वाचनवेडी
चित्रपटवेडा यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण मला त्याच्याही पुढं जायचंय. हेतू शुद्ध असला, माणूस नीट दाखवला, तरी विनोद हातातून निसटतो. कोल्बेअरच्या कितीतरी आधीचं उदाहरण आहे.

ब्रेट हार्ट या अमेरिकन लेखकानं १८७० मध्ये एक विनोदी कविता लिहिली. दोन गोरे एका चिन्याला पत्ते खेळायला बसवतात, त्याला काही कळत नाही असं समजून. त्यातल्या एकानं बाहीत पत्ते लपवलेत. डाव उलटतो, कारण चिनी त्याच्यापेक्षा सराईत निघतो. तेव्हा तो लबाड गोरा ओरडतो की चिन्यांच्या स्वस्त मजुरीनं आमचं वाटोळं केलं आणि त्याच्या अंगावर धावून जातो. हार्टला दाखवायचा होता गोऱ्यांचा दुटप्पीपणा. कविता देशभर गाजली, छापली गेली, पाठ झाली. पण ज्यांना चिनी नकोच होते, त्यांनी त्यातून एवढंच उचललं की चिनी कपटी असतात. त्यांची बाजू घेऊन लिहिलेली कविता त्यांच्याच विरोधात वापरली गेली.

तर मग ज्या प्रहसनात हेतूच सापडत नाही, त्याचं काय होत असेल?

पेठेतला_नाट्यवेडा
हे उदाहरण मला माहीत नव्हतं, चांगलं आहे. पण त्यातून काय घ्यायचं? मूर्खांना कळणार नाही म्हणून हार्टनं लिहायचंच नाही? आपल्याकडं नाथांनी भारुडातून ढोंगावर कोरडे ओढले, त्याचाही कुणी उलटा अर्थ लावला असेल. वाचकाच्या चुकीची शिक्षा लेखकाला देऊ नका.

वाचनवेडी
लिहावं की. फक्त कुणाच्या अंगावरचं सोंग घेतोय, याचं भान ठेवून.

न्यूयॉर्कच्या चायनाटाउनचं २०१६ चं बघा. फॉक्स न्यूज या वाहिनीचा जेसी वॉटर्स माइक घेऊन तिथं गेला. लोकांना कराटे येतं का विचारलं, जे मुळात जपानी. इंग्रजी न येणाऱ्या म्हाताऱ्यांपुढं माइक धरला आणि त्यांच्या गप्प राहण्याचा विनोद केला. नंतर म्हणाला, गंमत होती. काही दिवसांतच रॉनी च्येंग हा मलेशियात जन्मलेला विनोदवीर त्याच भागात गेला आणि लोकांशी चिनी भाषेत बोलला. तशीच म्हातारी माणसं राजकारणावर घडाघडा बोलायला लागली. विनोद तोही होता, चांगला बोचरा. पण हसू वॉटर्सवर होतं.

ब्रिटनमध्ये भारतीय वंशाच्या कलाकारांनी १९९८ पासून बीबीसी टीव्हीवर 'गुडनेस ग्रेशस मी' हा विनोदी कार्यक्रम केला. त्यात मुंबईतली तरणी मंडळी लस्सी ढोसून 'इंग्लिश खायला' जातात, वेटरच्या साध्या जेम्स नावाचा विचका करतात आणि सगळ्यांत सपक काय आहे ते मागवतात. इंग्रज लोक करी हाउसमध्ये जसं वागायचे, अगदी तसं. साचेच वापरले होते, दादा. भरपूर.

भवानी_मंडप
म्हणजे शेवटी नियम हाच ना, की ज्याची जात त्यानंच विनोद करायचा? मग नाटकं बंदच.

रंकाळवेस
भवानी मंडप, नाही, तसा नियम मी मानत नाही. २०१६ च्या ऑस्करला अभिनयाची वीसच्या वीस नामांकनं गोऱ्यांना मिळाली होती. सूत्रधार ख्रिस रॉक, स्वतः कृष्णवर्णीय. त्यानं त्या अन्यायावर जबरदस्त टोले लगावले. आणि त्याच कार्यक्रमात तीन आशियाई मुलांना हिशेबनीस म्हणून रंगमंचावर उभं करून हुशार-कष्टाळू आशियाईचा घासून गुळगुळीत झालेला विनोद केला. आंग ली, सँड्रा ओ यांच्यासारख्या, ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या आशियाई वंशाच्या सदस्यांनी निषेधाचं पत्र लिहिलं आणि अकादमीला माफी मागावी लागली. स्वतः सोसलेल्या माणसालाही दुसऱ्याचं सोसणं दिसेलच असं नाही. म्हणून माझ्या लेखी प्रश्न करणाऱ्याच्या जातीचा नाही. सेलोटेप काढला, तो आवाज काढला, तर त्या प्रसंगात हसण्यासारखं काही उरतं का, एवढाच आहे. उरत असेल तर खुशाल करा.

मला बंदी नको, पोलीस नकोत, समिती नको. संहिता वाचणाऱ्या प्राध्यापकांनी तालमीच्या वेळी मुलांना एवढं विचारायला हवं होतं.

पेठेतला_नाट्यवेडा
बंदी नको म्हणालात, बरं वाटलं. ते पात्र नाटक म्हणून कच्चं होतं, हेही मी मान्य करतो. माझ्या तालमीत मीच कापलं असतं.

पण एक गोष्ट अजून खटकते. तुम्ही ग्रुपवर वंशद्वेषी असं लिहिलंत. ती पोरं अठरा-एकोणीस वर्षांची. खेड्यातून एसटीनं येतात, पहिल्यांदाच स्टेजवर उभी राहतात.

रंकाळवेस
मी प्रहसनाला म्हटलं, मुलांना नाही. आणि मणिपूरचा तो मुलगाही तेवढ्याच वयाचा असणार.

पेठेतला_नाट्यवेडा
फरक तुम्ही केलात, पुढं पाठवणाऱ्यांनी केला नाही. त्या पोराचा सेलोटेपवाला फोटो नावासकट तीन ग्रुपवर फिरतोय, खाली शिव्या आहेत. तुम्ही तिथं स्वतः लिहून तो आधी काढायला लावा. मग प्राध्यापकांशी बोलायला मी तुमच्यासोबत येतो. पण वाद संपला म्हणून नाही, तिथंही मी माझंच म्हणणं मांडणार.