मंगळवार पेठेत जुनं घर पाडून बांधायचंय, शेजाऱ्याची एनओसी लागते का?

पेठकर_पोरगा:
नमस्कार मंडळी, वडिलांच्या एकट्याच्या नावावर कौलारू घर हाय, एका बाजूची भिंत शेजारच्या काकांबरोबर सामाईक. पाडून तळमजला अधिक दोन मजले करायचं ठरलंय, आर्किटेक्ट म्हणतोय आधी मोजणी करू मग महापालिकेत परवानगीची फाइल टाकू. काकांची लेखी संमती लागतेच का? त्यांचं आणि आमच्या वडिलांचं गटारीवरनं जुनं वाजलंय, सांगायला गेलो आणि उगंच आडवं लावलं तर? न सांगता फाइल टाकली तर चालंल का?

नकाशावाला:
जागा फक्त वडिलांची असंल तर बांधकाम परवान्याला शेजाऱ्याची संमती लागत नाही. पण प्रॉपर्टी कार्ड (जागेच्या मालकांची सरकारी नोंद) नीट बघ, त्यावर चुलते आत्या निघाल्या तर त्यांच्या सह्या लागणार, पेठेतल्या फाइली अडकतात त्या तिथं. आणि मोजणीची नोटीस लगतच्या धारकांना जातेच, म्हणजे तू गप्प बसलास तरी काकांना कळणारच, ते पण सरकारी कागदावरनं. मग माणूस बिथरतोय. त्यापेक्षा अर्ज टाकायच्या आधी जाऊन ये, एनओसी मागू नको, फक्त सांग.

कोर्टाची_पायरी:
वरच्या भावाचं बरोबर, पण खरा घोळ भिंतीचा हाय. महापालिका परवाना देते म्हणजे भिंत कुणाची ते ठरवत नाही, निम्मी त्यांची असली तर परवाना हातात असून पण ती पाडता येत नाही. काकांच्या खिडक्या तुमच्या बाजूला उघडतात का? १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात २० वर्षं बिनतक्रार मिळालेल्या उजेड-वाऱ्याचा हक्क मानलाय, त्यावरनं माणूस दिवाणी कोर्टात मनाईला जाऊ शकतो, आणि अर्ध्या पाडलेल्या घरावर स्टे आला की भाड्याच्या खोलीत बसायचं. पाडकामाआधी त्यांच्या घरातल्या भेगांचे फोटो त्यांच्यासमोरच काढा, नाहीतर नंतर प्रत्येक चिरेला तुम्हीच जबाबदार.

बावडेकर:
विषय थोडा वेगळा, धागा पळवतोय माफी असावी. कसबा बावड्यात आमच्या घराला लागून शेती झोनची जमीन हाय, मालक रहिवासी झोन करून घ्यायच्या मागं हाय म्हणे. आम्हाला कोण कळवणार का?

नकाशावाला:
मंजूर विकास आराखड्यात किरकोळ फेरबदल असंल तर १९६६ च्या एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याचं कलम ३७ लागतं. राजपत्रात नोटीस निघते, हरकती-सूचनांना एक महिना, मग सुनावणी, मग मंजुरी शासनाची. बाधित होणाऱ्यांना नोटीस द्यायची असं पण कलमात हाय, पण त्या भरवशावर बसू नको, पेपरातल्या जाहीर नोटिशी आणि महापालिकेची साइट बघत जा. हरकत लेखी दे आणि पोच घे. "आमचा विरोध हाय" एवढंच लिहून काय होत नाही, रस्ता किती फुटाचा, पावसाचं पाणी कुठनं जातंय ते लिही.

पेठकर_पोरगा:
धन्यवाद सगळ्यांना, रविवारी आईला घेऊन जातोय, वडील येणार न्हाईत म्हणालेत 😅 काका हो म्हणाले तर तोंडी बास का?

कोर्टाची_पायरी:
तोंडी नको रे बाबा. भिंत ठेवणार का नवीन घालणार, खर्च कुणाचा, पाडताना त्यांचं काय पडलं तर दुरुस्ती कोण करणार एवढं लिहून दोघांच्या सह्या, वर दोन साक्षीदार. करारनाम्याला स्टॅम्प आता ५०० चा, १०० चा २०२४ पासनं बंद झालाय. सही वडिलांचीच लागणार, जागा त्यांच्या नावावर हाय. तेवढं त्यांना आधी पटव.