ॲम्स्टरडॅम: जुन्या बँकेतलं दफ्तरखानं आणि वाचनकक्ष, बाबांना न्यावं का?

म्हापशेची_लेक
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन भावाकडे ॲम्स्टरडॅमला जातेय. बाबा बँकेतून हेडकॅशियर म्हणून रिटायर झाले. चित्रांचं संग्रहालय म्हटलं की त्यांचे गुडघे दुखू लागतात, बाजारात मात्र तासन्‌तास फिरतील. भाऊ म्हणतो, शहराचं दफ्तरखानं एका जुन्या बँकेच्या टोलेजंग इमारतीत आहे, तळघरातला खजिना फुकटात बघता येतो. कुणी गेलंय का? डच न येणाऱ्या माणसाला तिथे काय कळणार?

फोंड्याचा_चावीवाला
बाय, बाबांना नक्की ने. मीही बँकेतलाच. अर्धी नोकरी स्ट्राँग रूमच्या चाव्या सांभाळण्यात गेली. जावयाने बळेबळेच नेलं होतं मला, आणि मग निघायला तयार नव्हतो तो मीच.

इमारतीचं नाव द बाझेल. ज्या आर्किटेक्टने बांधली, त्याचंच नाव. बिचाऱ्याला ती पूर्ण झालेली बघायला मिळाली नाही. १९२३ मध्ये मिशेल द क्लेर्क या दुसऱ्या आर्किटेक्टच्या अंत्ययात्रेला निघाला होता, आगगाडीतच गेला. काम संपलं १९२६ ला. बाहेरून भिंत बघशील तर विटेचा एक थर, दगडाचा एक थर, पुन्हा वीट, पुन्हा दगड, वरपर्यंत. तिथले लोक तिला त्यांच्या थरांच्या केकच्या नावाने हाक मारतात. आपल्याला बेबिंकाच दिसणार.

बँक म्हणजे मूळची नेदरलँड्स ट्रेडिंग सोसायटी. १८२४ साली राजा पहिला विल्यम याने काढलेली. जावाची कॉफी, साखर यांच्या व्यापारावर मोठी झाली, पुढे बँक म्हणूनच नावारूपाला आली. दर्शनी भिंतीवर कूनचा पुतळा आहे, तोच ज्याने बटाव्हिया, म्हणजे आजचं जकार्ता, वसवलं. त्याच्याकडे बघताना मला आपली मांडवी आठवली. सतराव्या शतकात याच डचांची गलबतं वर्षामागून वर्षं गोव्याच्या तोंडाशी नाकेबंदी करून बसायची. असो, पुतळ्याला सांगून काय उपयोग.

खरी मजा तळघरात. तिजोरीची खोली दोन मजली आहे, आतून टाइल्सचं नक्षीकाम. पैसे ठेवायच्या खोलीला एवढी सजावट कशाला, हा माझा पहिला प्रश्न. आमच्या स्ट्राँग रूममध्ये एक पिवळा बल्ब आणि देवाचं कॅलेंडर! मग लक्षात आलं, बड्या खातेदाराला खाली आणून दाखवायची असणार ती जागा. बाबांना सांग, आधी दाराची जाडी बघा, मग आतली जाळी, आणि मगच काचेतले कागद. आपल्याकडे एक चावी कॅश ऑफिसरकडे, दुसरी मॅनेजरकडे, दोघं एकत्र असल्याशिवाय दार हलत नाही. ज्याने रोज सकाळी हे केलंय, त्याला तिथे डच यायची गरज नाही.

कागदांत १२७५ सालची सनद या शहराला फार मोलाची. काउंट पाचवा फ्लोरिस याने इथल्या लोकांना जकात माफ केली, त्यात ॲम्स्टरडॅमचं नाव पहिल्यांदा लिहिलेलं सापडतं. ती दफ्तरात आहे, पण काचेत काय मांडलंय ते बदलत राहतं. मी गेलो तेव्हा ॲन फ्रँकची सायकल चोरीला गेल्याची १९४२ ची पोलिसांतली तक्रार होती. त्याच वर्षी ते ज्यू कुटुंब नाझींपासून लपलं. इतका वेळ चावी-कुलपांच्या गप्पा मारणारा मी तिथे गप्प झालो.

पाटो_वाचक
काकांचं पटलं. बँकेची इमारत कागदांना मानवते याला कारण आहे. जाड भिंती, खिडक्या कमी, तापमान फारसं वरखाली होत नाही, आणि कागदांच्या वजनाला तोलेल अशी जमीन आधीच असते. आपल्याकडे जुलैत पुस्तक उघडलं की आधी बुरशीचा वास, मग मजकूर.

पण लांब जाण्याआधी बाबांना पणजीही दाखव. आपलं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ चं, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांतलं. आता पणजीतल्याच पाटोला कृष्णदास शामांच्या नावाने नव्या इमारतीत आहे. पूर्वी ते मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या वास्तूत होतं, तिथल्या दालनात निळ्या अझुलेजो (पोर्तुगीज धाटणीच्या) टाइल्सवर पोर्तुगीज कवी कामोइन्शच्या काव्यातले प्रसंग चितारलेत. पुस्तकं गेली, भिंती राहिल्या.

म्हापशेची_लेक
देव बरें करूं काका. जेवताना बाबांना वाचून दाखवलं. सायकलवर काही बोलले नाहीत. पहिला प्रश्न, "तिजोरीत कागद ठेवले, मग रोख कुठे गेली?" दुसरा, आपल्या बीएनयूची, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या बँकेची, तिजोरी कोणी बघितली आहे का?

फोंड्याचा_चावीवाला
रोख कुठे जाणार, बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, १९६४ ला. दफ्तर तिथे आलं २००७ ला.

बीएनयूचं विचारून बाबांनी बरोब्बर जागी बोट ठेवलं. बांको नासियोनाल उल्त्रामारिनोची शाखा पणजीत १८६८ पासून. गोवा मुक्तीच्या तोंडावर, १९६१ मध्ये, लोकांनी गहाण ठेवलेले दागिने लिस्बनला गेले, ते परत आले १९९१ ला, स्टेट बँकेमार्फत. तोवर किती घरांत पावत्या जपून ठेवणारी माणसंच उरली नव्हती. तुझ्या बाबांनी त्या काळात काउंटरवर काम केलं असेल तर त्यांना जास्त ठाऊक. त्यांनाच इथे लिहायला सांग.

जायला ५२ नंबरची मेट्रो धरा, व्हेझलख्राख्टला उतरून चालत. सोमवारी बंद असतं. शनिवार-रविवारी दुपारीच उघडतं, त्यामुळे मधल्या वारी सकाळी गेलेलं बरं. मूळ कागद मागवून वाचायचा असेल तर वाचनकक्षात नोंदणी लागते. नुसती तिजोरी बघायला काही लागत नाही.