नामिब वाळवंटातील हिरेखाणींचा इतिहास: अभ्यासाची सुरुवात कोठून करावी?

विचारणा

नामिबियाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील ल्युडरिट्झ आणि त्याच्या दक्षिणेचा हिऱ्यांचा वाळवंटी पट्टा यांचा इतिहास मला नीट अभ्यासायचा आहे आणि शक्य झाल्यास तेथे जायचेही आहे. आतापर्यंत जे वाचले ते बहुतेक कोलमन्सकोप या ओस पडलेल्या हिरेखाणींच्या गावातील वाळूने भरलेल्या घरांच्या वर्णनापाशीच थांबते. हिरे प्रथम कोणाला सापडले आणि त्या खाणींत राबत कोण होते, हे समजण्यासाठी कोणत्या क्रमाने जावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

माझ्या मते सुरुवात रेल्वेपासून करावी. ल्युडरिट्झहून आत जाणारा लोहमार्ग तेव्हाच्या जर्मन वसाहती राजवटीने हेरेरो आणि नामा या स्थानिक लोकांविरुद्धच्या युद्धाच्या काळात टाकला आणि त्यासाठी युद्धकैद्यांना सक्तीने राबवले. ल्युडरिट्झच्या शार्क बेटावर 1905 ते 1907 या काळात छळछावणी होती, तेथे उपासमार, थंडी आणि रोगराई यांनी असंख्य माणसे मेली. ती बंद झाल्यानंतर वर्षभरात, म्हणजे एप्रिल 1908 मध्ये, याच लोहमार्गावरची वाळू उपसताना झकारियास लेवाला या मजुराला एक चमकता खडा दिसला. त्याने पूर्वी दक्षिण आफ्रिकेतील किंबर्लीच्या हिरेखाणींत काम केलेले असल्यामुळे तो हिरा असावा हे त्याने ओळखले आणि आपला वरिष्ठ ऑगस्ट श्टाउख याच्या हाती दिला. श्टाउखने शोधाचे परवाने मिळवले आणि तो अतिश्रीमंत झाला. लेवालाला त्या संपत्तीतला वाटा मिळाला नाही. बहुतेक वर्णनांत ‘आद्य प्रवर्तक’ म्हणून श्टाउखचेच नाव येते, म्हणून हा प्रसंग आपण आधी वाचावा, असे मी आग्रहाने सांगेन.

त्यानंतर सप्टेंबर 1908 च्या निषिद्ध क्षेत्राच्या आदेशाकडे वळावे. ऑरेंज नदीपासून उत्तरेला सव्वीसाव्या अक्षांशापर्यंत आणि किनाऱ्यापासून सुमारे 100 किलोमीटर आतपर्यंतचा प्रदेश त्याने बंद झाला. पहिले महायुद्ध सुरू होईपर्यंत तेथून 50 लाख कॅरटांहून अधिक हिरे निघाले, तरी त्या प्रदेशात कोणी पाऊल ठेवायचे हे मोजक्या कंपन्या आणि सरकारच ठरवत होते.

दुसरा प्रतिसाद

वरील क्रम योग्यच आहे. त्याला भूगोलाची जोड दिल्यास पुष्कळ गोष्टी उलगडतील. हे हिरे मूळचे येथले नाहीत. आफ्रिकेच्या अंतर्भागातून ऑरेंज नदीने ते समुद्रात आणले, सागरी प्रवाहांनी किनाऱ्याने उत्तरेकडे वाहून नेले आणि पुढे वाऱ्याने हलकी वाळू उडवून नेल्यामुळे जड खडे उघड्यावर राहिले. त्यामुळे सुरुवातीला खोल विवरे खणावी लागली नाहीत. पोमोनाजवळच्या इडाटाल खोऱ्यात मजूर रांगेने गुडघ्यांवर सरकत हिरे वेचत असत. या खाणींसाठी उत्तरेकडून ओवांबो मजूर कंत्राटावर आणले जात. मजूर घराबाहेर किती महिने राहत, त्यांच्या मागे शेती कोण पाही, हे प्रश्न मनात ठेवून वाचन केल्यास कोलमन्सकोपचे रुग्णालय, बर्फाचा कारखाना आणि नृत्यगृह कोणाच्या श्रमांवर उभे होते ते दिसू लागते.

धागाकर्त्याचा प्रश्न

दोघांचेही मनःपूर्वक आभार. प्रत्यक्ष गेल्यास काय आधी पाहावे? आणि कोलमन्सकोप ओस कसे पडले?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

आधी शार्क बेट, मग ल्युडरिट्झचे संग्रहालय आणि त्यानंतर कोलमन्सकोप, असा क्रम ठेवावा. कोलमन्सकोपला प्रवेशासाठी परवाना लागतो. पोमोना आणि बोगनफेल्स ही ठिकाणे निषिद्ध क्षेत्रात असल्याने तेथे अधिकृत मार्गदर्शकाबरोबरच जाता येते, म्हणून त्याची व्यवस्था बरीच आधी करावी. अधिक खोल अभ्यास करायचा असल्यास विंडहूकमधील राष्ट्रीय अभिलेखागारासाठी वेगळा वेळ राखून ठेवावा. जर्मन वाचता येत नसेल, तर 1915 नंतरच्या दक्षिण आफ्रिकी राजवटीच्या इंग्रजी कागदपत्रांपासून आरंभ करणे सोपे जाईल.

कोलमन्सकोप ओस पडण्याचे मुख्य कारण असे, की 1928 च्या सुमारास ऑरेंज नदीच्या मुखाजवळ कितीतरी समृद्ध साठे सापडले आणि माणसे व यंत्रे तिकडे सरकली. शेवटचे रहिवासी 1956 मध्ये निघून गेले.