जीटीओ सगळी उघडायची, की चालवत चालवत नीट करायची?

वुडवर्डकर (ट्रॉय, मिशिगन)

आमच्या एका मित्राने १९६८ ची पॉन्टिॲक जीटीओ घेतली आहे. दोन दारांची हार्डटॉप (पक्कं छप्पर, काचांमध्ये खांब नाही), आतून काळी, बाहेरून लाल. (लाल रंग नंतर कुणीतरी मारलाय, दाराच्या बिजागरीपाशी वाकून बघितलं की खालचा हिरवा दिसतो.) इंजिन सुरू होतं, गाडी चौकापर्यंत जाऊन परत येते, ब्रेक लागतात असं म्हणायला हरकत नाही. आता या पठ्ठ्याने डोक्यात घेतलंय की बॉडी चासीवरून उचलायची, नट न् नट सुटा करायचा आणि दोन वर्षांनी नवीकोरी गाडी बाहेर काढायची. माझा ठाम विरोध आहे. तोंडी भांडून झालं, म्हणून इथे लिहितोय.

आधी ही गाडी काय आहे ते बघा. चासी नंबर २४२ ने सुरू होतो, म्हणजे जीटीओ खरी आहे. १९६४-६५ मध्ये जीटीओ हा पॉन्टिॲकच्याच टेम्पेस्ट ल मान्स या गाडीवर घ्यायचा एक पर्याय होता, तेव्हा नुसत्या नंबरावरून पत्ता लागत नसे. ६६ पासून लागतो. पण इंजिन मूळचं नाही. १९६८ पासून ब्लॉकवर गाडीच्या नंबराचा तुकडा ठोकलेला असतो, तो इथे जुळत नाही. कास्टिंग नंबर ५००५५७ आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्यातला, धातूत कंजुषी केलेला हा ४०० चा (म्हणजे ४०० क्युबिक इंचांचा) ब्लॉक पॉन्टिॲकवाल्यांत बदनाम आहे. म्हणजे म्युझियमच्या दर्जाची गाडी ही कधीच होणार नाही. त्या वर्षी ८७,६८४ जीटीओ बनल्या. ६९ ची 'जज' ही जीटीओची खास आवृत्ती असती (हार्डटॉप आणि कन्व्हर्टिबल मिळून ६,८३३), तर मी गप्प बसलो असतो.

मग अशा गाडीवर पूर्ण रेस्टोरेशनचा खर्च कशाला? नुसत्या बॉडी आणि पेंटला चांगला माणूस २०-३० हजार डॉलर सहज सांगतो. इंजिन, सीट, क्रोम, वायरिंग वेगळं. सगळा हिशोब गाडीच्या बाजारभावाच्या वर जातो. आणि दर आठवड्याला विक्रीला लागलेल्या अर्धवट गाड्या बघा: चासी एकीकडे, बॉडी ताडपत्रीखाली, तीस खोके, आणि जाहिरातीत 'बरंचसं काम झालंय, वेळ नाही म्हणून विकतोय'. तो मालकसुद्धा दोन वर्षांच्या हिशोबानेच बसला होता.

माझं म्हणणं: या हिवाळ्यात ब्रेक, पेट्रोलची लाइन, टाकी, टायर, स्टिअरिंगचे जोड. पुढच्या हिवाळ्यात इंजिन. पत्रा टप्प्याटप्प्याने. ऐतिहासिक नंबरप्लेट घेतली तर मिशिगनमध्ये ऑगस्टभर गाडी मोकळेपणाने चालवता येते, आणि वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे इथली जुन्या गाड्यांची जत्रा, ऑगस्टातच असते. १९९५ पासून लोक तिथे गाड्या घेऊन येतात, खोकी घेऊन नाही.

पानापक्कड (रॉयल ओक)

तो पठ्ठ्या मी. नाव घेतलं नाहीस, उपकार झाले.

मागची काच बसते ती खाच बघितलीस का? नाहीस, कारण तू सगळा वेळ बॉनेटखाली डोकं घालून होतास. त्या खाचेत पाणी साचतं, पत्रा कुजतो आणि पाणी थेट डिकीत उतरतं. डिकीतलं रबर मॅट उचललं तर खाली उंदराचं घरटं निघालं आणि त्याखाली चहाच्या बशीएवढं भोक. मागच्या चाकांवरच्या पत्र्याला चुंबक लावलं तर वरच्या अर्ध्या भागात चिकटतं, खाली घसरून पडतं. म्हणजे सगळी लांबी (पुट्टी) भरलेली. अशा पत्र्याखाली चासी ठणठणीत असेल असं मानायचं? हार्डटॉपच्या चासीच्या बाजूच्या पट्ट्या सी आकाराच्या, उघड्या. मागच्या ॲक्सलवर त्या वर चढतात तिथे चिखल आणि मिठाचं पाणी बसून राहतं. बर्फ वितळवायला मिशिगनच्या रस्त्यांवर टाकतात ते मीठ, पन्नास हिवाळे.

पट्टीची वरची बाजू बॉडी न उचलता साफ करून दाखव. हात जात नाही, ब्रश जात नाही. तू म्हणतोस तसं 'टप्प्याटप्प्याने' केलं तर नवे ब्रेक लाइन कुजलेल्या चासीला क्लिपने अडकवायचे, आणि चार वर्षांनी तेच सगळं परत काढायचं. एकच काम दोनदा करण्यात कसली काटकसर?

एलएसराव (ह्यूस्टन)

दोघेही १९६८ मध्ये अडकलात. इंजिन मूळचं नाही ना? मग सुटलात! ॲल्युमिनियमचं एलएस (जनरल मोटर्सचं नव्या जमान्याचं व्ही-८ इंजिन) टाका, सहा गिअरचा बॉक्स, चारी चाकांना डिस्क, एसी. थंडीत एका चावीत सुरू होईल. पेट्रोलचा वास नाही, कॅमसाठी झिंकवालं ऑइल शोधत फिरायला नको. ६८ च्या ४०० ला कॉम्प्रेशन १०.७५ होतं, शिसं घातलेल्या तेव्हाच्या पेट्रोलच्या जिवावर. आज ते इंजिन तसंच बांधलं तर पंपावरच्या पेट्रोलवर चढाला खडखडणार. आणि ३५० हॉर्सपॉवर म्हणून ज्याचे गोडवे गाता, ते जुन्या पद्धतीने, पंखा-सायलेन्सर काढून मोजलेले. १९७२ पासून खरं मोजायला लागले तेव्हा सगळ्यांचे आकडे धाडकन उतरले.

चार जणांचं कुटुंब ड्रम ब्रेकवर हायवेला नेणार का तुम्ही? मी नेणार नाही.

कागदावाचून_नाही (सनीवेल)

एलएसराव, डिस्कला कुणाचाच विरोध नाही. पुढच्या डिस्क १९६७ पासून पॉन्टिॲकने स्वतःच पर्याय म्हणून दिल्या होत्या, तेव्हा त्या लावल्याने गाडी बाटत नाही. भांडण इंजिनाचं आहे.

पॉन्टिॲकचं व्ही-८ हे शेवरलेचं इंजिन नाही. तेव्हा जनरल मोटर्सची एकेक शाखा आपापलं इंजिन बनवायची, आणि जीटीओ जन्मली ती पॉन्टिॲकच्या इंजिनामुळेच. कंपनीचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० क्युबिक इंचांच्या वरचं इंजिन नको. पॉन्टिॲकचा तेव्हाचा मुख्य इंजिनिअर जॉन डीलोरिअन आणि मंडळींनी ३८९ हे 'पर्याय' म्हणून आत सरकवलं. त्या आगाऊपणातून जन्मलेल्या गाडीत आता कुठल्याही भंगारातल्या पिकअपचं इंजिन टाकणार? मग बॅज तरी कशाला ठेवता.

गंमत म्हणजे सोपा उपाय पॉन्टिॲकनेच करून ठेवलाय. ३२६ पासून ४५५ पर्यंत ब्लॉक बाहेरून एकाच मापाचे. माउंट तेच, गिअरबॉक्स तोच बसतो. साठच्या दशकातला चांगला ४०० चा ब्लॉक शोधा, त्यात ४.२५ इंच स्ट्रोकचा क्रँक घाला, ४६१ होतं. कॉम्प्रेशन साडेनऊच्या आसपास ठेवा, आजच्या पेट्रोलवर निमूट चालेल. बॉनेट उघडल्यावर दिसणार पॉन्टिॲकच.

पानापक्कड, पाना हातात घेण्याआधी पॉन्टिॲकच्या कारखान्याच्या जुन्या नोंदी पुरवणाऱ्या पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून गाडीची कागदपत्रं मागवा. गाडी कुठल्या रंगात, कुठल्या गिअरबॉक्ससह, काय काय घालून कारखान्यातून निघाली ते कळतं. कंपनीने पॉन्टिॲक २०१० मध्ये बंद केली, पण हे कागद मिळतात. शेवरलेवाले यावर जळतात.

एलएसराव

बाटणं, जन्म, आगाऊपणा... गाडी आहे की कुळाचार?

४६१ बांधायला मशीनशॉपचं बिल किती होतं तेही सांगा की. तेवढ्यात माझं एलएस गिअरबॉक्ससकट बसून जुलैच्या उन्हात एसी लावून फिरत असेल.

कुर्लेकर_काका (मुलुंड)

मुलांनो, मी तुमची गाडी कधी जवळून पाहिलेली नाही. पण कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ आणि फार्गो जुळत, त्या गाड्यांच्या डेंटिंगवर माझी उमेदवारी झाली. पुढे सगळी हयात पत्र्यावर गेली. इंजिनाचं भांडण बाजूला ठेवा. इंजिन खराब निघालं तर एका दिवसात उतरतं. पत्रा चुकला तर जन्मभर दिसतो.

दोन गोष्टी सांगतो. बॉडी उचलायचीच असेल तर आधी दारांच्या चौकटीत आडवे-तिरपे पाइप वेल्ड करा. कुजलेली बॉडी चासीवरून सुटली की मधोमध दबते. मग दार कधीच नीट मिटत नाही, कितीही बिजागऱ्या हलवा. उचलण्याआधी दारांच्या फटी मोजून कागदावर लिहून ठेवा, वर किती, खाली किती. दुसरं म्हणजे, बॉनेट, छप्पर, डिकीचं झाकण या मोठ्या पत्र्यांवर वाळूचा मारा करायचा नाही. पत्रा ताणतो, लाटा येतात आणि त्या लपवायला परत लांबीच भरावी लागते. केमिकलने रंग सोडवा, वेळ लागू द्या.

आणि वुडवर्डकर, दारं नीट मिटत असतील आणि फटी सारख्या असतील, तर चासी वाकलेली नसावी. एवढं तुमच्या बाजूने.

वुडवर्डकर

काका, धन्यवाद. नेमकं हेच म्हणतोय मी. त्याच्या गाडीची दोन्ही दारं एका बोटाने मिटतात, फटी दोन्हीकडे सारख्या.

भोक डिकीत आहे हे मान्य. डिकीचा तळ बॉडी न उचलता बदलता येतो. जुन्या मापाची नव्याने बनवलेली पॅनल मिळतात, टाकी खाली उतरवावी लागते, ती तशीही बदलायचीच आहे. काचेखालची खाच हे कटकटीचं काम खरं, पण तेसुद्धा वरूनच होतं. राहिली चासी. तिथे हात पोचत नसेल, पण हातोडी पोचते. लिफ्टवर घ्यायची आणि ॲक्सलवरच्या वळणाला खालून, बाजूने ठोकत जायचं. टणक आवाज आला तर आत वॅक्स फवारून पुढे चालायचं. बदबद आवाज आला तर उचल म्हणेन. पण न ठोकताच उचलायचं ठरवणं म्हणजे पोट दुखतंय म्हणून एक्स-रेआधी ऑपरेशन.

एलएसबद्दल मला राग नाही. पण त्यात नुसतं इंजिन नसतं. पेट्रोलचा पंप टाकीत घालायचा, वायरिंग नवं, एक्झॉस्ट नवं, रेडिएटर नवा. ह्यूस्टनला दुकानात टाकून तीन महिन्यांनी न्यायची असेल तर ठीक आहे. इथे काम करणार आम्ही दोघं, शनिवारी, एका गॅरेजमध्ये. त्याच गॅरेजमध्ये बर्फ काढायचं यंत्रही आहे आणि मुलांच्या सायकलीही.

हिशेबनीस (एडिसन, न्यू जर्सी)

गाडीतलं काही कळत नाही, पण एक विचारतो. दोन वर्षं गाडी सुटी पडली असताना विमा, गॅरेजची जागा आणि घरातली शांतता, यांचा आकडा कुणी धरलाय का?

पानापक्कड

हिशेबनीस, शेवटच्या आकड्यावर चर्चा चालू आहे.

कागद आधीच मागवले होते, काल आले. गाडी व्हर्डोरो ग्रीन, चार गिअरची मॅन्युअल, पुढच्या डिस्क ब्रेकसह पॉन्टिॲकच्याच कारखान्यात बनलेली. म्हणजे इथून अर्ध्या तासावर. पुढच्या चाकांचे ड्रम हा मधल्या कुणाचा तरी शहाणपणा. एलएसराव, डिस्कचा वाद संपला, आपण दोघं जिंकलो. इंजिनावर मी कागदवाल्यांच्या बाजूचा. चार गिअरचा मूळचा मन्सी गिअरबॉक्स अजून गाडीत आहे, त्याच्यापुढे पॉन्टिॲकच शोभेल.

रंग हिरवाच होणार. एंड्युराचा (क्रोम नसलेला, गाडीच्याच रंगाचा, रबरासारखा) पुढचा बंपरसुद्धा हिरवा. त्याची जाहिरात करताना कंपनी त्यावर हातोडा मारून दाखवायची. आमच्या बंपरला भेगा आहेत, तो वेगळा धागा होईल.

चासीचं मात्र ठरलेलं नाही. वुडवर्डकर, शनिवारी सकाळी लिफ्ट मिळाली आहे. तू हातोडी आण, मी जाड स्क्रूड्रायव्हर आणतो. दोन्ही बाजूंनी वळणापासून बंपरपर्यंत ठोकायचं, आणि एका ठिकाणी जरी स्क्रूड्रायव्हर आत गेला तरी बॉडी वर. 'हे भोक वेल्ड करून भागेल' हे चालणार नाही.

वुडवर्डकर

वळणावर भोक निघालं तर वर. बंपरच्या टोकाशी निघालं तर वेल्ड. ही अट मान्य असेल तर साडेनऊला येतो, नाहीतर हातोडी घरीच राहील.