लॉनमोवर वीस मिनिटांनी बंद पडते, पेट्रोल पोचत नाहीये का?

हिरवळ:
मंडळी, बसून चालवायची गवत कापायची गाडी आहे, एक सिलिंडर, कार्बवाली (कार्ब्युरेटर, पेट्रोल-हवा मिसळून इंजिनला देणारा भाग). थंड असताना एका चावीत सुरू होते, १५-२० मिनिटं मस्त कापते आणि मग गचके खायला लागते, चोक ओढला की जरा सावरते आणि शेवटी बंदच. अर्धा तास थांबलं की परत सुरू, परत तेच. प्लग नवीन टाकला, एअर फिल्टर साफ केला, पेट्रोलचा फिल्टर बदलला. सगळे म्हणतात कार्ब बदल. पण कार्ब खराब असता तर पहिली वीस मिनिटं तरी नीट कशी चालली असती? कुठून सुरू करू?

दहाचापाना:
तुमची शंका बरोबर आहे, कार्बला इतक्यात हात लावू नका. आधी टाकीचं झाकण. त्याला बारीक भोक असतं, पेट्रोल जाईल तशी हवा आत यायला. ते मातीने, गवताच्या भुशाने बुजलं की टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल यायचं थांबतं, मग थांबलात की हवा हळूहळू झिरपते म्हणून परत सुरू होते. गाडी बंद पडली की लगेच झाकण उघडा, फुस्स आवाज आला तर समजा सापडलं.

हिरवळ:
फुस्स झालं!! भोक साफ केलं, आता तासभर चालते. पण चढावर आणि दाट गवतात अजून गचके खाते. फिल्टरही अर्धाच भरलेला दिसतो.

जुनीनळी:
फिल्टर अर्धा दिसणं बऱ्याच गाड्यांत नॉर्मल आहे, त्यावरून काही ठरवू नका. तुमची टाकी कार्बपेक्षा खाली असेल तर पेट्रोल पंप उचलून देतो, आणि तो पंप विजेवर नसेल तर क्रँककेसमधल्या (इंजिनचा खालचा बंद भाग, जिथे ऑइल असतं) दाबाच्या ठोक्यांवर चालतो, त्यासाठी इंजिनपासून पंपापर्यंत एक वेगळी छोटी नळी असते. या नळीत पेट्रोल नसतं म्हणून कोणी तिच्याकडे बघतच नाही, आणि तीच टोकाला चिरते. मग ठोके कमी पोचतात, साध्या कामाला पुरतात, लोड आला की पेट्रोल कमी. इंजिन गार करा, मोकळ्या हवेत, प्लगची वायर काढून इंजिनच्या लोखंडाला टेकवून ठेवा, कार्बकडची नळी बाटलीत सोडा आणि चावी फिरवा. ठोक्या-ठोक्याने जोरात पिचकारी यायला हवी. नुसतं थेंब-थेंब आलं तर आधी ती छोटी नळी, मग पंपातला रबरी पडदा बघा.

दहाचापाना:
आणि कृपया डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढून वास घ्या. पडदा फाटला तर पेट्रोल त्याच नळीतून ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी वाढलेली किंवा पेट्रोलचा वास असेल तर इंजिन अजिबात सुरू करू नका, पातळ ऑइलवर बेअरिंग जातं. बिघाड काढा, ऑइल बदला, मगच चावी.

हिरवळ:
छोटी नळीच! इंजिनच्या टोकाला क्लिपखाली चिरली होती, वाकवल्याशिवाय दिसतच नव्हती. ऑइल ठीक आहे, वास नाही. नवीन नळी टाकली, काल चढावरचं सगळं गवत एका दमात कापलं, चोकला हात लावावा लागला नाही. कार्ब आहे तसाच आहे. खूप खूप आभार दोघांचे.