माजी सैनिकानं 'मी सैनिक होतो' हे बँकेला किती वेळा सिद्ध करायचं?

माजलगावचा_तोपची
जय हिंद मंडळी. तोपखान्यात 17 वर्षं काढून हवालदार म्हणून घरी आलो. गावातल्या जागेवर दोन खोल्या बांधायच्यात, पत्र्याऐवजी स्लॅब टाकायचाय, एवढंच. माजी सैनिकांना गृहकर्जात सवलत आहे असं कळलं म्हणून बँकेत गेलो. साहेबांनी डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटल्याचं पुस्तक), पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), सैनिक कल्याण कार्यालयाचं ओळखपत्र, आधार, पॅन सगळं टेबलावर मांडून घेतलं आणि नावावर बोट ठेवलं. डिस्चार्ज बुकात मी 'ग्यानेश्वर', आधारवर 'ज्ञानेश्वर'. भरतीच्या वेळी हिंदी भागातल्या बाबूनं कानाला ऐकू आलं तसं लिहिलं. इंग्रजीत तर एक नाव जीनं सुरू होतंय, दुसरं डीनं. आर्मी नंबर तोच, जन्मतारीख तीच, फोटोतला माणूस तोच. आज तिसरी चक्कर झाली, आणि दर चकरेला एक नवा कागद.

माझं म्हणणं सरळ आहे. पेन्शन याच बँकेत जमा होते. स्पर्शवर, म्हणजे फौजेच्या पेन्शनच्या सरकारी पोर्टलवर, माझी सगळी माहिती आहे. दरवर्षी याच आधारवर अंगठा देऊन हयातीचा दाखला होतो. पेन्शन द्यायला जो माणूस चालतो, तो कर्जाला का चालत नाही? पडताळणी बँकेनं करावी, जवानाला पळवू नये.

लातूरचा_निवृत्त_बँकवाला
दादा, तुमच्या नोकरीबद्दल आदरच आहे, पण मुद्दा पटला नाही. कर्जाच्या टेबलावर माझी निम्मी नोकरी गेली. माजी सैनिक असल्याचा पुरावा लागतो तो सवलतीपुरता. कर्ज मिळतं ते फेडायच्या ऐपतीवर आणि तारणावर. 1871 च्या पेन्शन कायद्याचं कलम 11 वाचा, पेन्शनवर जप्ती आणता येत नाही. तो कायदा तुमच्या भल्याचाच आहे, पण मग हप्ते थकले तर बँकेच्या हातात फक्त ते घर राहतं. गहाणखतावर सही करणारा आणि पेन्शन घेणारा एकच, हे कागदावर दिसायलाच पाहिजे. समोर बसलेल्या अधिकाऱ्याला तुम्ही खरे वाटता म्हणून कोर्टात भागत नाही.

दुसरं, बहुतेक जवान घरी येताना पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतात. फौजेत निम्म्यापर्यंत विकता येते आणि तो भाग परत सुरू होतो 15 वर्षांनी. घरी हप्त्याचा हिशोब पूर्ण पेन्शनवर होतो, बँक हातात पडते ती रक्कम बघते. आणि जागा गावठाणातली असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा घरपट्टीचा उतारा असतो, तो मालकीचा पुरावा नाही. स्वामित्व योजनेतली सनद, म्हणजे गावठाणातल्या जागेचा मालकीचा कागद, मिळालीय का, ते आधी बघा. नावापेक्षा तिथं जास्त अडकाल.

चाकूरकर_सीआरपीएफ
तुमचा वाद नावातल्या एका अक्षराचा आहे. आम्ही काश्मिरात, गडचिरोलीत तीच बंदूक घेऊन उभे होतो, पण निमलष्करी दलाचा माणूस 'माजी सैनिक' या व्याख्येतच बसत नाही. गृह मंत्रालयानं 2012 मध्ये आम्हाला वेगळं नाव दिलं, माजी केंद्रीय सशस्त्र पोलीस दल कर्मचारी. गावात सगळे फौजीच म्हणतात, बँकेत गेलं की आम्ही साधे पेन्शनर. पात्रतेचा विषय काढायचाच तर इथून काढा.

सेलूची_लेक
बँकवाले काका, 'कागद आधी नीट करा' हे सांगायला सोपं आहे. माझे वडील नोकरीत असतानाच आजारानं गेले. त्यांनी फौजेत आईचं नाव 'गयाबाई' लिहिलं होतं, आधारवर 'गया' आहे. माणूस गेल्यावर ती दुरुस्ती कोणी करायची? वडिलांची जुनी कागदपत्रं ट्रंकेतून काढून मी एकेक उलगडत बसले, निम्म्यांच्या घड्या फाटलेल्या.

केंद्रीय सैनिक बोर्डाची घरकर्जाच्या व्याजावर सवलत आहे, निम्मं व्याज परत मिळतं, जास्तीत जास्त 1 लाख. पण ती युद्धात गेलेल्यांच्या कुटुंबांना, युद्धात अपंग झालेल्यांना, आणि शांतताकाळात मृत्यू किंवा अपंगत्व आलं असेल तर ते सेवेमुळे आलं असं ठरलं तरच. वडिलांचं तसं ठरलं नाही. आईला साधी फॅमिली पेन्शन मिळते, शेवटच्या पगाराच्या 30 टक्के. त्यात कर्ज किती बसणार?

दादा, तरी एका बाबतीत काकांचंच ऐका. नाव आत्ताच दुरुस्त करून घ्या, तुम्ही स्वतः सही करायला आहात तोवर. बँकेसाठी नाही, वहिनीसाठी.

लातूरचा_निवृत्त_बँकवाला
ताई, तुमच्या आईच्या बाबतीत माझ्याकडे उत्तर नाही. दादा, तोपखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोडला आहे. दुरुस्तीचा अर्ज तिकडेच जातो. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला जवळ ठेवा. सैनिक कल्याण कार्यालयातून पुढं पाठवलंत तर सोपं जाईल.

माजलगावचा_तोपची
काका, अर्ज करतो. पण माझा मुद्दा सोडत नाही. पहिल्याच दिवशी बँकेनं काय-काय लागणार ते एका कागदावर लिहून द्यायला पाहिजे होतं. तीन वेळा रोज बुडवून, एसटीच्या गर्दीत उभं राहून गेलो, ते पैसे कोणाच्या हिशोबात धरायचे? नाव जुळत नाही तर पेन्शन खात्यावरून पडताळणी करा, नसेल होत तर तसं लेखी द्या. तोंडी 'उद्या या' हे नियमात कुठं लिहिलंय?

ताई, तुमचं वाचून रात्रीच पीपीओ काढून बघितला. त्यात बायकोचं नाव 'अनुसया' आहे, आधारवर 'अनसूया'. आता दोन अर्ज जाणार.