पुण्याच्या कोर्टाचं वॉरंट, राहतो इंदुरात

खजूरीबाजारवाला
पुण्यातली कागदाची एजन्सी बंद करून आम्ही इंदूरला परतलो. हमी म्हणून दिलेला एक चेक तिथल्या व्यापाऱ्याने मागाहून बँकेत टाकला, तो परत गेला आणि चेक न वटल्याची, कलम १३८ची केस झाली. समन्स गेलं जुन्या भाड्याच्या घरी, मला पत्ताच नाही. परवा ऐन गिऱ्हाइकीत हवालदार दुकानात! "पुणे से गैर-जमानती वारंट आया है, टीआय साहब से मिल लो." (टीआय म्हणजे इथला ठाणेदार.) बायकोच्या घशाखाली घास उतरत नाहीये. इथल्याच कोर्टात रद्द होईल का? मेहुणा म्हणतो, चहापाणी देऊन 'पत्त्यावर मिळाला नाही' असा शेरा मारून घे.

जेलरोडकर
आधी ई-कोर्ट्स अ‍ॅपवर नाव टाकून केस शोधा. सोळा अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख क्रमांक, मिळेल, महाराष्ट्राचा असला की सुरुवात एमएचने. हल्ली वॉरंटच्या नावाने लुबाडणारेही कमी नाहीत. तुमच्याकडे निदान वर्दीतला माणूस समोर आला.

निवृत्त_शिरस्तेदार
मेहुण्याला आवरा. तसा शेरा घेऊन कागद परत गेला की पुढची पायरी फरारीचा जाहीरनामा, मग जप्ती. आणि वॉरंट शिळं होत नाही. बजावणी होईपर्यंत किंवा काढणारं कोर्ट रद्द करीपर्यंत ते चालूच राहतं. इंदूरच्या कोर्टाला ते रद्द करता येत नाही.

घाबरू मात्र नका. १३८चा गुन्हा जामीनपात्रच आहे, हे वॉरंट निघालंय गैरहजेरीबद्दल. इंदुरात धरलंच तर २४ तासांत इथल्या मॅजिस्ट्रेटपुढे नेतील, आणि गुन्हा जामीनपात्र असल्याने तो जामीन घेऊन तिकडे हजर व्हायला सांगू शकतो (नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ८३, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ८१). पण ती वेळ येऊच कशाला द्यायची? पुण्यातला वकील गाठा, पुढच्या तारखेची वाट न बघता केस बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या सुनावणीच्या यादीत, घ्यायला लावा आणि स्वतः हजर राहून वॉरंट रद्दचा अर्ज द्या. समन्स कुणाला, कुठे बजावलं त्या शेऱ्याची नक्कल काढा. सोबत त्या काळातलं इंदूरचं वीजबिल. तुमचं सगळं म्हणणं त्या दोन कागदांत आहे. थोडा खर्च बसवतील, तो मुकाट्याने भरा.

रद्दच्या हुकमाची सही-शिक्क्याची नक्कल तिथेच मागून घ्या आणि परतल्यावर थान्यात देऊन पोच घ्या. कोर्टाचं पत्र टपालाने रमतगमत येतं, तोवर हवालदाराच्या फाइलीत जुनाच कागद!

खजूरीबाजारवाला
काका, फार आधार वाटला. पण जामीनदार? पुण्यात आता माझं कुणी नाही.

निवृत्त_शिरस्तेदार
रोख जामिनाची परवानगी मागा, बाहेरगावच्यांना तेच सोयीचं. दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार चालत नाही असं कुणी म्हणालं तर वकिलाला मोतीराम निकालाची आठवण द्या. १९७८, सुप्रीम कोर्ट, आणि खटला तुमच्या मध्य प्रदेशातलाच. एका गवंड्यासाठी जामीनदार म्हणून त्याच्या भावाला नाकारलं होतं, का तर भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. न्यायमूर्ती कृष्णा अय्यरांनी चांगलं झापलंय.

पुढच्या तारखांना हजेरीमाफीचा अर्ज वकील देईल. व्यापाऱ्याशी जमत असेल तर तडजोडही होते, १३८मध्ये ती मुभा आहे. आणि इंदूरचा पत्ता त्याच दिवशी रेकॉर्डवर चढवा, नाहीतर पुढची नोटीसही जुन्या घरमालकालाच मिळायची.